ट्रंपेटवादक चिक चॉकलेट
मुंबईच्या जॅझ-संगीतांतील एका कॅथॉलिक कलावंताचें अल्पचरित्र

महोत्सवाच्या प्रसंगीं आपण देवानें केलेल्या उपकारांचें स्मरण करितों, आणि ज्यांच्या हातून ते उपकार आपल्यापर्यंत पोंचले त्या माणसांचेंही स्मरण करितों. वेदी कोणी उभारली, शाळा कोणी चालविली, आजाऱ्यांची शुश्रूषा कोणी केली, हें आपण अभिमानानें सांगतों. परंतु गायनमंडळांत कोण उभें होतें, सणाच्या दिवशीं व्हायोलिन कोणी वाजविलें, हें बहुधा कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं. सूर हवेंत विरतो आणि त्याबरोबर वादकाचें नांवही विरून जातें. प्रस्तुत लेखांत अशाच एका कॅथॉलिक वादकाचें चरित्र थोडक्यांत सांगावयाचें योजिलें आहे. त्याचें नांव वाचकांपैकीं पुष्कळांनीं ऐकलें नसेल. पण जुन्या बोलपटांचीं गाणीं ज्यांच्या घरीं वाजलीं, त्यांच्या कानांवर त्याच्या वाद्याचा सूर नकळत पडून गेला असण्याचा संभव मोठा आहे.

आपलें मनमाड हें आगगाडीनें वाढविलेलें गांव आहे. मुंबईहून भुसावळाकडे जाणारा मोठा मार्ग आणि १८७८ मध्यें सुरू झालेला दौंडचा मार्ग येथें मिळतात. मुंबईचे वाद्यवृंद कलकत्त्यास किंवा उत्तरेकडे जावयास निघाले आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या मार्गानें गेले, म्हणजे मनमाड त्यांच्या वाटेंत येई. दौंडच्या फाट्यावर पुणतांबे म्हणून स्टेशन आहे, त्याचाही ह्या चरित्राशीं निकटचा संबंध आहे. तो पुढें येईल.

जन्म व बालपण

चिक चॉकलेट हें रंगमंचावरील नांव. त्यांचें खरें नांव आंतोनियो झेवियर वाझ. त्यांचा जन्म १९१६ सालीं गोव्यांतील बारदेस तालुक्यांत, हळदोणें ह्या गांवीं झाला. तेथील संत थॉमसचें चर्च १५९६ मध्यें स्थापन झालेलें असून तें म्हापशाच्या नदीच्या अगदीं तीरावर उभें आहे.

त्या काळीं गोव्यावर पोर्तुगिजांचा अंमल होता. त्या अंमलाविषयीं इतिहास जो निवाडा देईल तो देवो. परंतु चर्चला जोडलेल्या धर्मग्रामाच्या शाळांनीं एक चांगली गोष्ट केली, हें मान्य करावें लागेल. ह्या शाळांतून संगीताचा गुरु, ज्यास तिकडे मेस्त म्हणत, गरीब शेतकऱ्यांच्या मुलांसही पाश्चात्त्य स्वरलिपि वाचावयास शिकवी. पांच रेघांवरील चिन्हें पाहून आधीं तोंडानें सूर म्हणावयाचे, हातानें ताल धरावयाचा, आणि तें पक्कें झाल्यावर मग वाद्यास हात लावावयाचा, अशी शिस्त असे. मिस्सेचें गायन, घरोघरची लदिन, सणाची मिरवणूक, लग्नाचा मांडा आणि प्रेतयात्रा ह्या सर्वांस हेच वादक जात. पुढें मुंबईच्या नाचघरांत व बोलपटांच्या स्टुडिओंत जे शेंकडों गोमंतकीय वादक चमकले, त्यांच्या विद्येचें मूळ शोधूं गेल्यास तें ह्या शाळांच्या बांकांपाशीं सांपडतें. आंतोनियोच्या विद्येचा पायाही असाच घातला गेला.

मुलानें यंत्रकाम शिकावें, मेकॅनिक व्हावें आणि चार पैसे नियमानें घरीं आणावे, अशी त्याच्या आईची इच्छा होती. ज्या गांवांतील कित्येक कुटुंबें वर्कशॉपच्या भोंग्यावर आपला दिवस लावीत आलीं, तेथील वाचकांस ह्या माउलीचें मन समजावून सांगण्याची गरज नाहीं. महिन्याच्या महिन्यास येणारा पगार ही लहान गोष्ट नव्हे. परंतु मुलाचें चित्त संगीतावर जडलें होतें. त्यानें ट्रंपेट हातीं घेतला आणि पोटासाठीं मुंबईची वाट धरली.

गिरण्यांचें शहर आणि नवें संगीत

ती मुंबई कशी होती? १८५३ मध्यें बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली आणि १८५४ मध्यें कावसजी दावर ह्यांनीं पहिल्या कापड गिरणीची कंपनी स्थापिली. तेव्हांपासून हें शहर गिरण्यांचें झालें. रत्नागिरी व सातारा जिल्ह्यांतून हजारों माणसें येऊन परळ, लालबाग, गिरगांव येथील चाळींत राहूं लागलीं. त्यांच्याबरोबर आलेलें भजन, शाहिरी व तमाशा ह्यांचा इतिहास मराठींत लिहिला गेला आहे, आणि तें योग्यच झालें.

परंतु त्याच शहरांत मजुरांचा आणखी एक वर्ग गोव्याहून आला होता. त्यांत खलाशी होते, आचारी होते, शिंपी होते आणि वादकही होते. धोबी तलाव, माझगांव वगैरे भागांत त्यांच्या गांवोगांवच्या कुडी असत. एका मोठ्या खोलींत भिंतीशीं पेट्या मांडलेल्या, मध्यें गांवच्या पालक संताची वेदी, आणि संध्याकाळीं सर्वांनीं मिळून म्हटलेली जपमाळ, अशी त्या कुडींची रीत होती. ह्या वर्गाच्या हातून मुंबईंत जें संगीत निर्माण झालें तें मात्र फार दिवस कोणाच्या हिशेबांत आलें नाहीं. तें श्रीमंतांच्या हॉटेलांत वाजे, म्हणून तें श्रीमंतांचें समजलें गेलें. वस्तुतः ऐकणारे श्रीमंत होते. वाजविणारे कष्टकरीच होते.

हें संगीत म्हणजे जॅझ. अमेरिकेच्या दक्षिणेस न्यू ऑर्लिन्स म्हणून बंदर आहे. तेथें गुलामगिरींतून सुटलेल्या आफ्रिकी वंशाच्या लोकांनीं आपलीं श्रमगीतें, भजनें आणि लष्करी बँडचीं वाद्यें ह्यांच्या मेळांतून हा प्रकार घडविला. ठरलेल्या चालीवर वादकानें आयत्या वेळीं आपल्या कल्पनेनें विस्तार करावयाचा, हा त्याचा प्राण. आपल्याकडील गवई रागाची बढत करितो, तसेंच कांहींसें हें आहे. भेद इतकाच कीं तेथें अनेक वाद्यें निरनिराळे सूर एकदम धरून एकमेकांस आधार देतात.

ह्या संगीताचा सर्वांत थोर ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँग. कॅथॉलिक वाचकांनीं ध्यानांत ठेवावी अशी एक गोष्ट त्याच्या चरित्रांत आहे. तो आपला जन्म १९०० च्या ४ जुलैचा सांगे, आणि जगानेंही तसेंच मानिलें होतें. १९७१ मध्यें तो वारला. पुढें कांहीं वर्षांनीं न्यू ऑर्लिन्समधील येशूच्या पवित्र हृदयाच्या चर्चचें बाप्तिस्म्याचें पुस्तक तपासलें असतां त्याची खरी जन्मतारीख ४ ऑगस्ट १९०१ अशी निघाली. त्याच महिन्याच्या २५ तारखेस त्याचा बाप्तिस्मा झाला होता. त्या गरीब बालकाची जगांत कोणी दखल घेतली नव्हती तेव्हां ती एका धर्मगुरूच्या लेखणीनें घेतली होती.

१९३५ च्या अखेरीस लिऑन ॲबी ह्या व्हायोलिनवादकाचा आफ्रिकी-अमेरिकन वाद्यवृंद मुंबईस ताजमहाल हॉटेलांत आला. मागोमाग क्रिकेट स्मिथ हा ट्रंपेटवादक व टेडी वेदरफोर्ड हा पियानोवादक आले. वेदरफोर्ड पुढें कलकत्त्यास राहिला, इकडील वादकांस त्यानें आपल्या वाद्यवृंदांत घेतलें, आणि १९४५ सालीं तो तेथेंच वारला. ह्या पाहुण्यांमुळें आपल्या वादकांस तबकड्यांवर ऐकलेली विद्या समक्ष पाहावयास मिळाली. कागदावरील स्वर बिनचूक वाजविण्यांत गोमंतकीय वादक तरबेज होतेच. कागद बाजूस ठेवून वाजविणें मात्र त्यांस नव्यानें शिकावें लागलें.

कीर्तीचे दिवस

आंतोनियो वाझ ह्यांनीं आर्मस्ट्राँग ह्यांस आपला आदर्श मानिलें. त्यांच्या तबकड्या पुनःपुन्हां ऐकून ट्रंपेटवरील त्यांची झेप, उंच स्वर दीर्घकाळ धरून ठेवण्याची हातोटी आणि घोगऱ्या आवाजांत गाण्याची ढबही त्यांनीं आत्मसात केली. लोक त्यांस हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणूं लागले, आणि चिक चॉकलेट हें नांव मुंबईच्या जाहिरातींतून झळकूं लागलें.

१९४० नंतरच्या दशकांत त्यांचा म्युझिक मेकर्स हा वाद्यवृंद अपोलो बंदरावर, ताजमहालच्या शेजारीं असलेल्या ग्रीन्स हॉटेलांत वाजत असे. तें हॉटेल आतां नाहीं; त्याच्या जागीं ताजमहालची उंच नवी इमारत उभी आहे. महायुद्धाचे दिवस होते. बंदर परदेशी सैनिकांनीं भरलेलें होतें, आणि नाचाच्या संगीतास मोठी मागणी होती. खुद्द ताजमहालांत मिकी कोरिया ह्यांच्या वाद्यवृंदानें दीर्घकाळ वादन केलें. फ्रँक फर्नांड हे ट्रंपेटवादक, पारशी असूनही रुडी कॉटन हें नांव घेतलेले सॅक्सोफोनवादक, असे एकाहून एक गुणी लोक त्या वेळीं मुंबईंत होते. त्या मेळाव्यांतही चिक चॉकलेट ह्यांचा ट्रंपेट वेगळा ओळखूं येई. त्यांच्या वाद्यवृंदाच्या तबकड्याही निघाल्या.

अशा जीवनांत मोह व जागरणें पुष्कळ असतात, आणि नाचघरांविषयीं धर्मगुरूंस चिंता वाटे ती निष्कारण नव्हती. परंतु टाळ्या वाजवून लोक घरीं गेले म्हणजे वादकास वाद्य पुसून ठेवावयाचें असे, मध्यरात्रीनंतर परतावयाचें असे, आणि पुढील हंगामाचें कंत्राट मिळेल कीं नाहीं ह्याचा घोर वाहावयाचा असे. त्याच्या पोशाखाकडे पाहणाऱ्यांस ही दुसरी बाजू दिसत नसे.

पुणतांब्याच्या मुलाची भेट

१९५० च्या सुमारास मुंबई राज्यांत संपूर्ण दारूबंदी आली. अनेक घरांचें त्यामुळें कल्याण झालें असेल. परंतु हॉटेलांचें रात्रीचें उत्पन्न आटलें आणि वादकांच्या पोटावर पाय आला. सुदैवानें दुसरें एक दार त्यापूर्वींच उघडूं लागलें होतें. तें बोलपटांचें.

येथें पुणतांब्याचा संबंध येतो. १२ जानेवारी १९१८ रोजीं मनमाड–दौंड मार्गावरील त्या गांवीं रामचंद्र नरहर चितळकर ह्यांचा जन्म झाला. संगीतकार सी. रामचंद्र ह्या नांवानें ते पुढें सर्व देशास ठाऊक झाले. हळदोण्याचा आंतोनियो आणि पुणतांब्याचा रामचंद्र ह्यांच्या वयांत दोनच वर्षांचें अंतर. एकाचे संस्कार चर्चच्या गायनाचे, दुसऱ्याचे हिंदुस्थानी संगीताचे. एकाची घरची भाषा कोंकणी, दुसऱ्याची मराठी. पण दोघांच्याही कानांस नव्या सुराची ओढ होती. चितळकर ह्यांनीं १९४७ च्या शहनाई ह्या बोलपटांत पाश्चात्त्य ढंगाची चाल देऊन लोकांस चकित केलें होतें. चिक चॉकलेट ह्यांचें साह्य त्यांस मिळालें तेव्हां त्या हौसेस शास्त्राचा आधार आला. १९५० च्या समाधी ह्या बोलपटांतील लॅटिन अमेरिकेच्या तालाचें गाणें आणि १९५१ च्या अलबेलांतील गाणीं हीं त्या सहकार्याचीं प्रसिद्ध फळें होत.

हें सहकार्य कसें चाले तें सांगितलें पाहिजे, कारण वादकाचें खरें श्रम तेथेंच दडलेले आहेत. आपल्या संगीतकारांपैकीं बहुतेकांस पाश्चात्त्य स्वरलिपि येत नसे. ते पेटीवर चाल म्हणून दाखवीत. ती ऐकून संयोजक कागदावर उतरवी. मुख्य सुराखालीं कोणते सूर धरावयाचे तें ठरवी. गाण्याच्या आरंभींचा तुकडा आणि दोन कडव्यांमधील मोकळी जागा भरून काढी. व्हायोलिन, सॅक्सोफोन, ट्रंपेट, गिटार ह्या प्रत्येकाचा भाग वेगळा लिहून वादकांसमोर ठेवी. चाल संगीतकाराची, शब्द कवीचे, गळा गायकाचा. परंतु गाणें सुरू होतांच, गायकानें तोंड उघडण्यापूर्वींच, श्रोता तें ज्यावरून ओळखतो तो आरंभींचा तुकडा पुष्कळदां ह्या संयोजकाचा असे.

अलबेलाचे निर्माते, दिग्दर्शक व नायक भगवान हे गिरणी कामगाराचे पुत्र. त्यांनीं स्वतःही मजुरी केलेली होती. त्या बोलपटाच्या एका नृत्यप्रसंगांत चिक चॉकलेट आणि त्यांचे सहकारी झालरीच्या बाह्यांचे क्यूबन पद्धतीचे अंगरखे घालून प्रत्यक्ष पडद्यावर दिसतात. ग्रीन्स हॉटेलांत ज्यांस कधीं पाऊल ठेवतां आलें नसतें, त्या चाळकऱ्यांनीं कांहीं आण्यांच्या तिकिटांत तें वादन ऐकलें, आणि भगवानदादांच्या साध्या पावलांवर लग्नाच्या वरातींतून व गणेशोत्सवाच्या मिरवणुकींतून पुढें सारा महाराष्ट्र नाचला. श्रीमंतांचें म्हणून दूर ठेवलेलें संगीत अशा रीतीनें गिरणगांवांत पोंचलें. मजुरांनीं घडविलेली वस्तु मजुरांच्या हातीं आली.

चिक चॉकलेट ह्यांनीं स्वतंत्रपणेंही संगीत दिलें. १९५१ च्या नादान ह्या बोलपटांतील तलत महमूद ह्यांनीं गाइलेलें त्यांचें एक गीत आजही आवडीनें ऐकलें जातें. तें अत्यंत हळुवार असून त्यांत नाचघराचा भपका औषधालाही नाहीं. आर्मस्ट्राँगची नक्कल करणारा एवढीच ज्यांची त्यांच्याविषयीं समजूत असेल, त्यांनीं तें अवश्य ऐकावें.

शेवटचीं वर्षें

पुढें काळ बदलला. १९५८ सालीं डेव्ह ब्रुबेक आणि १९६३ सालीं ड्यूक एलिंग्टन हे जॅझचे थोर अमेरिकन कलावंत मुंबईस येऊन वाजवून गेले. पण त्याच सुमारास तरुणांची आवड गिटारवाल्या नव्या मंडळांकडे वळूं लागली होती. १९६७ च्या मे महिन्यांत चिक चॉकलेट मुंबईस निवर्तले. त्यांचें वय अवघें ५१ वर्षांचें होतें.

त्यांच्यामागें हें संगीत हळूहळू विस्मृतींत गेलें. बोलपटांच्या श्रेयनामावलींत वादकांचीं नांवें येत नसत आणि संयोजकांचीं क्वचितच येत. सेबॅस्टियन डिसोझा ह्यांच्यासारख्या संयोजकांनीं शेंकडों गाणीं सजविलीं. परंतु गाणें लोकांच्या ओठीं राहिलें आणि सजविणाऱ्याचें नांव राहिलें नाहीं. अँथनी गोन्साल्विस हे माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक व संयोजक. त्यांचे शिष्य प्यारेलाल ह्यांनीं १९७७ च्या अमर अकबर अँथनी ह्या बोलपटांतील गाण्यांत गुरूचें नांव गोंवून गुरुदक्षिणा दिली. लोकांनीं तें गाणें डोक्यावर घेतलें; पण त्या नांवाचा खरा मनुष्य आहे, हें कितीजणांस ठाऊक होतें? १९८२ च्या ५ जानेवारीस सी. रामचंद्र वारले, आणि त्याच महिन्यांत गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला, ज्यानंतर ते भोंगे एकेक करून कायमचे थांबले. गिरण्यांची मुंबई आणि तिचें तें संगीत हीं दोन्हीं अशीं मागेंपुढें अस्तास गेलीं. २०१२ सालीं नरेश फर्नांडिस ह्यांनीं ताजमहाल फॉक्सट्रॉट ह्या इंग्रजी ग्रंथांत मुंबईच्या जॅझचा इतिहास संगतवार मांडिला, तेव्हां कोठें ह्या वादकांस कागदावर जागा मिळाली. तोंपर्यंत त्यांपैकीं बहुतेक देवाघरीं गेले होते.

ह्या चरित्रापासून घ्यावयाचा बोध

ह्या चरित्रापासून आपण काय घ्यावें? पहिली गोष्ट अशी कीं, धर्मग्रामाच्या शाळेंत दिलेली विद्या कोठें जाऊन फळेल हें सांगतां येत नाहीं. लदिन म्हणावयास जे सूर शिकविले, त्यांनीं एका मुलास हळदोण्याहून उचलून हिंदुस्थानच्या घराघरांत नेलें. आपल्या मुलामुलींस गायनमंडळांत पाठविण्याचा आळस करणाऱ्या आईबापांनीं हें मनांत ठेवावें. आणि मुलाचें भलें चिंतून यंत्रकामाकडे बोट दाखविणाऱ्या आईलाही आपण दोष देऊं नये. तिच्या चिंतेंत शहाणपण होतें, मुलाच्या हट्टांत देणगी होती; अशा वेळीं कोणतें खरें हें घरोघरीं प्रार्थनेनें व विचारानेंच ठरवावें लागतें.

दुसरी गोष्ट नोंदीची. न्यू ऑर्लिन्सच्या एका धर्मगुरूनें बाप्तिस्म्याच्या पुस्तकांत दोन ओळी लिहून ठेविल्या, म्हणून जगास आपल्या एका थोर कलावंताचें खरें वय कळलें. मुंबईच्या बोलपटवाल्यांनीं नांवें लिहिलीं नाहींत, म्हणून शेंकडों गुणी माणसें अंधारांत राहिलीं. ख्रिस्तसभेनें नोंद ठेवण्याची शिस्त शतकानुशतकें पाळिली आहे. बाप्तिस्मा, विवाह व मृत्यु ह्यांच्या पुस्तकांशेजारीं आपण आणखी एक वही ठेवावी: मिस्सेस कोण गाइलें, पेटी कोणी वाजविली, मुलांस भक्तिगीतें कोणी शिकविलीं, हें तींत वर्षावर्षास लिहावें. ज्युबिलीच्या वर्षीं ह्याचा आरंभ झाला तर उत्तम. खर्च एका वहीचा आणि श्रम दहा मिनिटांचे; पण पन्नास वर्षांनीं जो कोणी आपल्या ह्या मनमाडच्या धर्मग्रामाचा इतिहास लिहावयास बसेल, तो आपल्याला दुवा देईल.

मनुष्यें नांवें विसरतात. देव विसरत नाहीं, ही आपली श्रद्धा आहे. परंतु त्या श्रद्धेच्या आड लपून आपण आपलें कर्तव्य टाळूं नये. आंतोनियो झेवियर वाझ ह्यांच्या आणि त्यांच्यासारख्या सर्व अनाम वादकांच्या आत्म्यांस प्रभु चिरशांति देवो.